गोल्ड स्टार नंबर प्लेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत सैन्यात असताना ज्यांचं माणूस गेलं, अशा घरांना बहुतेक राज्यं गाडीसाठी वेगळी नंबर प्लेट देतात. तिचे अर्ज भरायला मी गेली काही वर्षं ओळखीतल्या कुटुंबांना मदत करते आहे. सुरुवात शेजारच्या एका आईपासून झाली. मग तिच्या ओळखीच्या बायका आल्या, मग आपली मराठी मंडळी फोन करू लागली : कुणाचा जावई मरीनमध्ये होता, कुणाची सून सैनिकाची बहीण. पुन:पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असतो. अर्ज करण्याआधी आपल्या राज्याचं पान वाचाच.

१. गोल्ड स्टार प्लेट म्हणजे नेमकं काय?

राज्याच्या वाहन खात्याने दिलेली, रस्त्यावर पूर्णपणे वैध असलेली नंबर प्लेट. तिच्यावर सोनेरी तारा असतो आणि बहुधा 'गोल्ड स्टार फॅमिली' असे शब्द. टेक्सासमध्ये आई, वडील, जोडीदार आणि कुटुंब अशा निरनिराळ्या प्लेट आहेत. दिवंगत सैनिकाचं जवळचं माणूस या गाडीचं मालक आहे, एवढंच ती सांगते. सैनिकाला मिळालेलं ते पदक नव्हे. अमेरिकेत गाड्यांची नोंदणी राज्यांच्या हातात असल्यामुळे केंद्र सरकारची अशी प्लेट नाही. 'अमेरिकेत काय नियम आहे?' असं विचारलंत तर मी आधी विचारणार, 'राज्य कोणतं?'

२. सोनेरी ताराच का?

पहिल्या महायुद्धापासून. १९१७ साली ओहायोच्या कॅप्टन रॉबर्ट क्वीसनर यांनी एक झेंडा तयार केला. त्यांचे दोन मुलगे सैन्यात होते. लाल चौकटीत पांढरं कापड आणि घरातल्या प्रत्येक सैनिकासाठी एक निळा तारा. लोक तो खिडकीत लावू लागले. सैनिक गेला की निळ्या ताऱ्यावर सोनेरी तारा शिवायचा. रस्त्याने जाणाऱ्याला दार न ठोठावता कळायचं, या घरात काय झालंय.

१९१८ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी आणखी एक सूचना मान्य केली. शोकाचे काळे कपडे घालण्याऐवजी आयांनी दंडावर काळी पट्टी बांधावी आणि तिच्यावर सोनेरी तारा असावा. त्याच वर्षी वॉशिंग्टनमधल्या ग्रेस डार्लिंग सीबोल्ड यांचा वैमानिक मुलगा जॉर्ज फ्रान्समध्ये कामी आला. पत्रं थांबली, तेव्हा तो कुठेतरी जखमी पडला असेल या आशेने त्या शहरातल्या सैनिकी रुग्णालयांमध्ये जाऊ लागल्या. मुलगा सापडला नाही, पण ज्यांच्याजवळ घरचं कुणीच नव्हतं अशी दुसऱ्यांची मुलं सापडली. त्यांची सेवा त्या करत राहिल्या. अशाच आयांना बरोबर घेऊन ४ जून १९२८ रोजी त्यांनी 'अमेरिकन गोल्ड स्टार मदर्स' ही संस्था उभी केली. १९३६ पासून सप्टेंबरचा शेवटचा रविवार गोल्ड स्टार मातांचा दिवस म्हणून पाळला जातो.

खिडकीतला तारा आता गाडीवर आला आहे. मला यात एक सरळ सूत्र दिसतं. घराबाहेरच्या जगाला कळावं, पण प्रत्येकाला तोंडाने सांगावं लागू नये.

३. कुटुंबातल्या कुणाला मिळते?

पती किंवा पत्नी, आई-वडील, मुलं आणि भावंडं यांना बहुतेक राज्यांत मिळते. सावत्र आई-वडील, दत्तक घेणारे, ज्यांनी आईबापाच्या जागी राहून वाढवलं ते, आणि सावत्र भावंडं यांचाही अनेक ठिकाणी समावेश असतो. गोल्ड स्टारच्या अधिकृत बिल्ल्यासाठी केंद्राचा जो कायदा आहे (प्रश्न ४), त्यातली नात्यांची यादी साधारण अशीच आहे आणि बऱ्याच राज्यांनी तीच डोळ्यांपुढे ठेवलेली दिसते. आजी-आजोबांसाठी प्रश्न ८ आणि पुनर्विवाहासाठी प्रश्न ९ पाहा.

४. सैन्यात असताना झालेला प्रत्येक मृत्यू यात धरतात का? आमचा मुलगा सरावात गेला, लढाईत नाही.

हा सगळ्यात नाजूक प्रश्न आहे. फोनवर हा प्रश्न आला की पलीकडचा आवाज खाली येतो.

केंद्र सरकार दोन बिल्ले देतं. पहिला गोल्ड स्टार बिल्ला, १९४७ सालच्या कायद्याने आलेला : जांभळ्या गोलावर सोनेरी तारा आणि भोवती लॉरेलची पानं. शत्रूशी लढताना, परक्या फौजेशी संघर्ष असलेल्या मोहिमेत, आंतरराष्ट्रीय दहशतवादी हल्ल्यात किंवा देशाबाहेर शांतिसेनेत काम करताना लष्करी कारवाईत गेलेल्यांच्या घरच्यांना तो मिळतो. दोन्ही महायुद्धांतले मृत्यूही त्यात येतात. दुसरा बिल्ला १९७३ नंतरचा. त्याच्यावरही सोनेरी ताराच आहे, पण भोवती ओकच्या डहाळ्या. सराव, अपघात, आजार, आत्महत्या अशा कारणांनी सेवेत असताना गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी तो असतो.

काही राज्यं प्लेटसाठी पहिल्या बिल्ल्याचीच अट घालतात. काहींना 'सक्रिय सेवेत असताना मृत्यू' एवढं पुरतं, मग कारण कोणतंही असो. त्यामुळे सरावात गेलेल्या मुलाच्या आईला एका राज्यात प्लेट मिळते आणि शेजारच्या राज्यात नाही. मला हे पटत नाही. हेलिकॉप्टर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात पडलं काय आणि अफगाणिस्तानात पडलं काय, घरचं ताट रिकामंच राहतं. पण नियम आज असा आहे, म्हणून अर्ज करण्याआधी 'सक्रिय सेवा' आणि 'लढाई' यांपैकी कोणता शब्द तुमच्या राज्याने वापरलाय ते पाहा. शब्द 'लढाई' असेल तर काही राज्यांत दिवंगत सैनिकांच्या कुटुंबांसाठी दुसरी प्लेट असते. तिची चौकशी करा.

आत्महत्येने माणूस गेलेल्या घरांनी आपण कमी हक्काचे आहोत असं समजू नये. १९९४ पासून काम करणारी 'टॅप्स' ही संस्था मृत्यूचं कारण न पाहता अशा सगळ्या सैनिकी कुटुंबांच्या पाठीशी उभी राहते. तिची मदतवाहिनी रात्रंदिवस चालू असते.

५. कागद कोणते लागतात?

मुख्य कागद एकच : डीडी फॉर्म १३००, म्हणजे सैन्याने दिलेला मृत्यूचा अहवाल. मृत्यूची बातमी घेऊन सैन्याकडून जे येतात, त्यांच्यानंतर कुटुंबाला एक मदत अधिकारी नेमून दिला जातो. त्याने दिलेल्या फाइलमध्ये हा कागद असतो. ती फाइल अनेक घरांत वर्षानुवर्षं उघडली जात नाही. एका काकांनी ती कपाटाच्या वरच्या फळीवर, मुलाच्या शाळेच्या ट्रॉफीमागे ठेवली होती. आम्ही दोघांनी ती खाली काढली. त्यांनी वाचली नाही. मीच हवं ते पान शोधलं, कॉपी काढली आणि फाइल होती तिथे परत ठेवली. तुम्हालाही असं कुणाला तरी सांगता येईल. सगळं स्वतःच वाचायला हवं असं नाही.

याशिवाय नात्याचा पुरावा लागतो : आईवडिलांना सैनिकाचा जन्मदाखला, जोडीदाराला विवाहाचा दाखला. भावंडांचे दोन जन्मदाखले लागतात, आईवडिलांची नावं जुळवण्यासाठी. आपल्याकडच्या दाखल्यांवर नावांची गंमत असते. एकावर 'सुमन', दुसऱ्यावर 'सुमनबाई', तिसऱ्यावर लग्नानंतरचं नाव. नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून आधीच करून ठेवा आणि मराठीतल्या दाखल्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

६. आजोबा दुसऱ्या महायुद्धात गेले. आईकडे एकही कागद नाही. आता कसं करायचं?

सैनिकांच्या जुन्या नोंदी सेंट लुईस इथल्या राष्ट्रीय नोंदणी केंद्रात असतात. तिथे १२ जुलै १९७३ रोजी मोठी आग लागली आणि अंदाजे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. १९१२ ते १९६० दरम्यान सेवा संपलेल्या भूदलाच्या सैनिकांच्या साधारण ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. त्यामुळे 'नोंद सापडत नाही' असं उत्तर आलं, तर तुमचे आजोबा सैन्यात नव्हतेच असा त्याचा अर्थ घेऊ नका.

तरीही अर्ज करा. हे केंद्र पगाराच्या नोंदींसारख्या दुसऱ्या कागदांवरून माहिती जुळवून देतं. घरात शोधा : मृत्यूची तार, पर्पल हार्ट पदकाचं प्रमाणपत्र, विम्याचं पत्र, कबरीच्या दगडाचा फोटो, त्या वेळचं स्थानिक वर्तमानपत्र. आणि आपल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसरला, म्हणजे माजी सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना मदत करणाऱ्या अधिकाऱ्याला भेटा. हे लोक पैसे घेत नाहीत, आणि अशा जुन्या प्रकरणांत त्यांच्याइतकी वाट दुसऱ्या कुणालाच माहीत नसते.

७. अर्ज कुठे करायचा आणि खर्च किती?

साधारणपणे डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याकडे. पण नाव राज्यागणिक बदलतं आणि नवीन माणूस इथेच अडतो. न्यू जर्सीत ते मोटर व्हेइकल कमिशन आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये आरएमव्ही. मिशिगन आणि इलिनॉयमध्ये हे काम सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे असतं आणि टेक्सासमध्ये काउंटीच्या टॅक्स ऑफिसात जावं लागतं. कॅलिफोर्नियात व्हेटरन्स खातं, म्हणजे कॅलव्हेट, आधी पात्रता तपासतं आणि मग डीएमव्ही प्लेट देतं.

विशेष प्लेटची जादा फी अनेक राज्यं माफ करतात. गाडीची नेहमीची वार्षिक नोंदणी फी मात्र वेगळी. ती माफ आहे का, हे स्वतंत्रपणे विचारा. प्लेटवर स्वतःच्या पसंतीची अक्षरं हवी असतील तर बहुधा जास्त पैसे पडतात. अनेक आया मुलाची जन्मतारीख मागतात.

८. आजी-आजोबांना मिळते का? काका, मावशी?

बिल्ल्याच्या केंद्रीय कायद्यात आजी-आजोबा नाहीत. काही राज्यांनी प्लेटपुरतं त्यांना घेतलं आहे, सगळ्यांनी नाही. काका, मामा, मावशी, आत्या, चुलतभाऊ यांना सहसा मिळत नाही. अपवाद एकच : सैनिकाला ज्यांनी खरोखर वाढवलं असेल ते. कायदेशीर पालकत्वाचा किंवा शाळेच्या नोंदींचा कागद असेल तर 'आईबापाच्या जागी' या कलमात अर्ज करता येतो. आपल्या घरांत मुलं आजीकडे, मावशीकडे वाढतात. त्यामुळे हे कलम वगळून पुढे जाऊ नका.

९. सुनेने दुसरं लग्न केलं. तिची प्लेट काढून घेतात का? आणि घटस्फोट झालेला असेल तर?

पुनर्विवाहाबद्दल राज्यांमध्ये एकवाक्यता नाही. काही राज्यं जोडीदार अविवाहित असावा अशी अट घालतात, काही तसं काही म्हणत नाहीत. मिळालेला बिल्ला मात्र कुणी परत मागत नाही. मृत्यूपूर्वी घटस्फोट झालेला असेल तर जोडीदार म्हणून सहसा हक्क राहत नाही, पण त्या लग्नातल्या मुलांचा राहतो.

प्लेट आणि पेन्शन यांची गल्लत करू नका. सैनिकाच्या विधवेला किंवा विधुराला मिळणाऱ्या डीआयसी या भत्त्याचा वयाचा नियम निराळा आहे. ५ जानेवारी २०२१ पासून ५५ वर्षांचे झाल्यावर पुनर्विवाह केला तर भत्ता चालू राहतो. प्लेटच्या अर्जाने भत्ता वाढत नाही आणि कमीही होत नाही.

सासू-सासऱ्यांना माझी एक विनंती आहे. सुनेने संसार पुन्हा मांडला म्हणून तिने तारा उतरवावा, असं तिला सांगू नका. तुमच्या प्लेटवर तिच्या प्लेटचा काही परिणाम होत नाही (प्रश्न १०).

१०. एका घरात किती प्लेट मिळतात?

पात्र असलेली प्रत्येक व्यक्ती आपल्या नावावरच्या गाडीसाठी स्वतंत्र अर्ज करू शकते. आईने घेतली म्हणून भावाची संधी जात नाही. एका व्यक्तीला किती गाड्यांसाठी आणि मोटरसायकलसाठी मिळते का, हे राज्य ठरवतं. काही ठिकाणी पहिली फुकट आणि पुढचीला फी असते.

११. गाडी माझ्या नावावर नाही, मुलाच्या नावावर आहे. किंवा गाडी लीजवर आहे.

नोंदणीत तुमचं नाव असायला हवं. संयुक्त नावावर असेल तर दोघांपैकी एक जण पात्र असला तरी बहुधा चालतं. लीजच्या गाडीला अनेक राज्यांत चालतं, कारण नोंदणी तुमच्या नावाने असते. लीज कंपनीचं पत्र लागतं का ते विचारा. कंपनीच्या मालकीच्या गाडीसाठी अर्ज करू नका, तो परत येईल.

मुलाकडे राहायला आलेल्या आणि स्वतः गाडी न चालवणाऱ्या आयांसाठी सोपा मार्ग म्हणजे नोंदणीत दुसरं नाव घालणं. पण त्याआधी विमा कंपनीशी बोला. नाव वाढलं की हप्ता बदलू शकतो.

१२. आम्ही दुसऱ्या राज्यात राहायला चाललोय. प्लेट सोबत नेता येईल?

नाही, नव्या राज्याकडे नव्याने अर्ज करावा लागतो. मुदती कमी असतात : कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यापासून २० दिवस, टेक्सासमध्ये ३०, न्यू जर्सीत ६०. नव्या राज्याची व्याख्या अरुंद असेल तर (प्रश्न ४) आधी मिळालेली प्लेट तिथे नाकारली जाऊ शकते. एका बाईंना यामुळे फार लागलं होतं. मुलगा तोच, कागद तोच, आणि खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, 'तुम्ही बसत नाही.' सामान हलवण्याआधी फोन करून विचारलं तर निदान अचानक धक्का बसत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट : टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यू जर्सीत पुढे आणि मागे दोन्हीकडे प्लेट लागते. फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, मिशिगनमध्ये फक्त मागे.

१३. पार्किंग, टोल, सिग्नल यांत सवलत मिळते का?

राज्याने किंवा शहराने स्पष्ट लिहिलं असेल तरच. अपंगांच्या जागेत गाडी लावण्याचा हक्क या प्लेटने मिळत नाही, त्यासाठी वेगळा परवाना लागतो. काही दुकानांबाहेर 'गोल्ड स्टार कुटुंबांसाठी राखीव' अशी पाटी दिसते. तो त्या दुकानाचा मान आहे, खुशाल गाडी लावा.

१४. आमचा मुलगा अमेरिकन नागरिक नव्हता, ग्रीन कार्डवर सैन्यात गेला होता. आम्ही पुण्यात असतो.

नियम विचारतो तो अमेरिकेच्या सैन्यातल्या सेवेबद्दल आणि मृत्यूबद्दल. डीडी १३०० असेल तर मुलाच्या नागरिकत्वामुळे तुमचं नातं कमी ठरत नाही. पण प्लेट त्या राज्यात नोंदवलेल्या गाडीलाच मिळते, त्यामुळे पुण्यातल्या गाडीवर ती येणार नाही. गोल्ड स्टार बिल्ला मात्र, मृत्यू त्याच्या अटींत बसत असेल (प्रश्न ४) तर, तुम्ही मागू शकता. त्याच्या अर्जाचं नाव डीडी फॉर्म ३.

याहून महत्त्वाची गोष्ट : लढाईच्या काळातल्या सेवेमुळे मृत्यू झाला असेल, तर सैनिकाला मरणोत्तर नागरिकत्व मिळू शकतं. त्यासाठी एन-६४४ हा अर्ज मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत करावा लागतो. दुःखात दोन वर्षं कशी जातात ते कळत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ही तारीख लिहून द्या.

१५. माझा भाऊ भारतीय सैन्यात होता, कारगिलमध्ये गेला. आम्ही आता न्यू जर्सीत राहतो. आईसाठी प्लेट मिळेल का?

नाही. ही प्लेट अमेरिकी सैन्यातल्या सेवेसाठीच आहे. हे उत्तर देताना मला दरवेळी जड जातं, कारण आईचं दुःख देश पाहून वेगळं होत नाही. गाडीच्या मागच्या काचेवर भावाचं नाव, रेजिमेंट आणि १९९९ हे साल लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त काचेतून दिसणं अडता कामा नये. प्लेटभोवती चौकट लावली तर राज्याचं नाव आणि नंबर झाकले जाऊ नयेत.

१६. महाराष्ट्रात अशी प्लेट आहे का?

नाही. भारतात नंबर प्लेटवर नोंदणी क्रमांक आणि ठरवून दिलेल्या खुणांशिवाय काहीही लिहिणं नियमाविरुद्ध आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची आहे. नंबरशेजारी 'आर्मी' लिहिलेल्या दुचाक्या दिसतात, त्यांना दंड होऊ शकतो.

आपल्याकडे मानाच्या वाटा दुसऱ्या आहेत. वीरमाता, वीरपिता, वीरपत्नी हे शब्दच मानाचे आहेत. एसटी वीरपत्नींना मोफत प्रवासाचा पास देते. चौकशीची जागा म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. आणि साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी पाहा. पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस सैन्यात. तिथे पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांचं स्मारक आहे. ज्या युद्धाने ओहायोत सोनेरी तारा शिवला गेला, तेच युद्ध.

१७. प्लेट लावावी की नाही, घरात एकमत होत नाही.

लावलीच पाहिजे असं काही नाही. काही आयांना वाटतं, रोज पेट्रोल भरताना कुणीतरी विचारणार आणि रोज सांगावं लागणार. काहींना नेमकं तेच हवं असतं. नवरा-बायकोत वाद असेल तर एका गाडीला लावा आणि दुसरीला साधी ठेवा. ज्याला ज्या दिवशी जी झेपेल ती गाडी त्याने घ्यावी. एक जोडपं गेली तीन वर्षं असंच करतंय.

१८. रस्त्यात अशी गाडी दिसली तर काय करावं? 'थँक यू फॉर युअर सर्व्हिस' म्हणायचं का?

ते वाक्य सैनिकासाठी आहे. इथे समोर आई आहे, नवरा आहे, बहीण आहे. हॉर्न वाजवू नका, फोटो काढू नका. पार्किंगमध्ये गाठ पडलीच आणि बोलावंसं वाटलं, तर नाव विचारा : 'तुमच्या मुलाचं नाव काय होतं?' 'कसा गेला?' हे विचारू नका. नाव सांगताना माणसं आधी थबकतात, मग बोलतात. माझ्या शेजारणीला एका दुकानाबाहेर एका अनोळखी मुलीने असं विचारलं होतं. त्या दोघी उन्हात वीस मिनिटं उभ्या होत्या आणि पिशवीतलं दूध कोमट झालं. घरी आल्यावर तिने मला हे सांगितलं ते हसत.

१९. गाडी विकली किंवा भंगारात गेली तर प्लेट कुणाची?

विशेष प्लेट बहुतेक राज्यांत मालकाची असते, गाडीची नाही. गाडी देण्याआधी ती स्वतः काढून घ्या. डीलरच्या भरवशावर सोडू नका, टो-ट्रक गेल्यावर ती परत मिळवणं कठीण जातं. मग नव्या गाडीवर नोंद बदलून घ्या किंवा राज्याचा नियम असेल तर परत करा. आठवण म्हणून जवळ ठेवायची असेल तर ती रद्द झाल्याची पावती आधी घ्या, नाहीतर दुसऱ्या कुणाचा टोल तुमच्या नावावर येईल.

स्क्रूड्रायव्हर सोबत न्या. बर्फाच्या प्रदेशात मिठाने स्क्रू गंजून बसतात. आदल्या रात्री तेलाचे दोन थेंब सोडून ठेवले तर प्लेट न वाकता निघते.